डॉक्टर, इंजिनीअर... आणि पाखरांचा फोटोग्राफर

हार्वर्डच्या दोन डिग्र्या आणि तिथलीच नोकरी. हे सगळं सोडून एलियट पोर्टर कॅमेरा घेऊन घरट्यांसमोर जाऊन बसला. पक्ष्याच्या अंगावर उजेड कुठून पडावा, याचा विचार तो पुढची कित्येक वर्षं करत होता.

पोरगं हुशार निघालं की आपल्याकडे घरोघरी एकच प्रश्न. डॉक्टर की इंजिनीअर? एलियट पोर्टर नावाच्या अमेरिकन माणसानं त्याचं उत्तर 'दोन्ही' असं दिलं. १९२४ मध्ये हार्वर्डमधून केमिकल इंजिनीअरिंग आणि १९२९ मध्ये तिथूनच डॉक्टरकी. मग तिथेच संशोधन आणि शिकवण्याचं काम. म्हणजे लाइफ एकदम सेट!

पण गडी रमत नव्हता.

बेटावरचा पोरगा

त्याचा जन्म ६ डिसेंबर १९०१ चा, शिकागोजवळच्या विनेट्का गावातला. वडिलांना निसर्गाचं वेड. मेन राज्याच्या किनाऱ्याजवळचं ग्रेट स्प्रूस हेड नावाचं अख्खं बेटच त्यांनी १९१२ साली विकत घेतलं. उन्हाळ्याची सुट्टी तिथे जायची. एलियटच्या हातात कोडॅकचा साधा डबा कॅमेरा आला आणि पोरगा लागला पक्ष्यांच्या मागे.

पुढे अभ्यासाच्या रेट्यात हा नाद मागे पडला. साधारण १९३० च्या सुमारास त्याच्याकडे लायका कॅमेरा आला आणि जुनं वेड पुन्हा उफाळलं. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सची भेट झाली, त्याच्या प्रिंट्स पाहिल्या आणि आपण किती पाण्यात आहोत ते पोर्टरला कळलं. मग त्यानं मोठ्या फिल्मचा कॅमेरा घेतला.

पोर्टरचा भाऊ फेअरफील्ड हा चित्रकार. त्याच्या ओळखीनं तो न्यूयॉर्कला आल्फ्रेड स्टिग्लिट्झकडे फोटो घेऊन जाऊ लागला. स्टिग्लिट्झ म्हणजे त्या काळी फोटोग्राफीतला शेवटचा शब्द. तो फोटो बघायचा, उणिवा सांगायचा आणि आणखी मेहनत कर म्हणून परत पाठवायचा. असं काही वर्षं चाललं. शेवटी १९३८ च्या डिसेंबरमध्ये त्यानं आपल्या गॅलरीत पोर्टरचं प्रदर्शन लावलं. त्यानंतर पोर्टरनं हार्वर्ड सोडलं. घरचा पैसा गाठीशी होता, हे खरं. पण पैसा असला म्हणून दहा वर्षांची कमाई सोडून नव्यानं सुरुवात करायला सगळेच धजावत नाहीत.

नकार मिळाला आणि रंग आले

आता कृष्णधवल फोटोंचा कलावंत म्हणून नाव कमवायचा रस्ता मोकळा होता. पण साहेबांच्या डोक्यात पक्ष्यांचं पुस्तक होतं. बोस्टनच्या एका प्रकाशन संस्थेकडे तो आपले फोटो घेऊन गेला. तिथे ऐकायला मिळालं की फोटो चांगले आहेत, पण काळ्या-पांढऱ्यात पक्षी ओळखू कसा येणार? रंगच हवेत.

दुसरा कुणी असता तर नाराज होऊन घरी बसला असता. पोर्टरनं कोडाक्रोम ही तेव्हाची नवीकोरी रंगीत फिल्म उचलली. आणि इथूनच खरी डोकेदुखी सुरू झाली.

ही फिल्म भयंकर मंद होती. आजच्या भाषेत सांगायचं तर आयएसओ दहाच्या आसपास. तिला उजेड लागायचा भरपूर आणि घरटी असायची दाट सावलीत. शटर जास्त वेळ उघडं ठेवावं तर पक्षी हलणार. अ‍ॅपर्चर मोठं करावं तर डोळा स्पष्ट आणि शेपटी धूसर. मार्ग एकच, फ्लॅश!

पण फ्लॅशचीही एक गंमत आहे. लग्नाच्या हॉलमध्ये समोरून फ्लॅश मारून काढलेले फोटो आठवा. चेहरे सपाट, कागदावर चिकटवल्यासारखे. पक्ष्याचंही तेच होतं. उजेड लेन्सच्या बाजूनंच गेला की सावल्या पक्ष्याच्या मागे लपतात आणि पिसांचा पोत गायब होतो. तोच दिवा कुशीला नेला की चित्र पालटतं. पिसांच्या कडा उठून दिसतात, छातीची गोलाई कळते, चोचीला धार येते.

तरी एकट्या बाजूच्या दिव्यानं भागत नाही. पक्ष्याची दुसरी बाजू काळीठिक्कर पडते. म्हणून तिथे दुसरा, जरा कमजोर दिवा हवा. त्यात आणखी एक भानगड. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. त्यामुळे पक्षी उजळतो, पण मागची झाडी अंधारात बुडते आणि भरदुपारचा फोटो मध्यरात्रीचा वाटतो. म्हणजे मागच्या पानांवरही उजेड टाकायला हवा. पोर्टर एकाहून अधिक दिवे वापरायचा ते यासाठीच. फ्लॅश मारला आहे हेच बघणाऱ्याला जाणवू नये, अशी त्याची धडपड असायची.

आणि लक्षात घ्या, तेव्हाचा फ्लॅशबल्ब एकदा पेटला की संपला. एक फोटो, एक बल्ब, एक फिल्म. आपल्यासारखं बर्स्ट मोडवर पन्नास काढून एक ठेवणं नाही. पक्षी नेमका कुठे येऊन बसणार, हे आधी तासन्‌तास बघून ठेवायचं आणि मगच बटण दाबायचं.

उंचावरच्या घरट्यांसाठी तो मनोरे उभारायचा. आज मात्र हे अनुकरण नको. आईबाप बिथरून घरटं सोडतात, म्हणून अनेक स्पर्धा आणि पक्षीमित्र घरट्यावरचे फोटो घेतच नाहीत. तेव्हा ही जाण फारशी नव्हती.

लाइटरूमच्या आधीचं एडिटिंग

फोटो काढला म्हणजे निम्मंच काम झालं. पोर्टर प्रिंट स्वतः करायचा. पुढे तो ज्यात उस्ताद झाला त्या पद्धतीचं नाव डाय ट्रान्सफर. रंगीत फिल्मवरून लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीन वेगळ्या निगेटिव्ह काढायच्या. त्यांवरून तीन साचे बनवायचे. ते निळसर, किरमिजी आणि पिवळ्या रंगात भिजवून एकाच कागदावर एकावर एक दाबायचे. केसाएवढं जरी सरकलं तरी प्रिंट वाया.

फायदा असा की प्रत्येक रंग हातात राहायचा. पिवळा जास्त झाला? तेवढाच कमी करा. उजळ भाग फटफटीत दिसतोय? मास्क लावून सावरा. आज आपण स्लायडर सरकवतो, तो हेच काम रसायनांनी करायचा. इथे त्याचं केमिकल इंजिनीअरिंग कामी आलं!

ना इकडचा, ना तिकडचा

१९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं त्याच्या रंगीत पक्ष्यांचं प्रदर्शन भरवलं. तरी अडचण होतीच. रंगीत फोटो म्हणजे जाहिराती आणि मासिकांचा माल, असं कलेच्या जगात अनेकांना वाटायचं. त्यात पक्षी! कलावाल्यांना तो शास्त्राचा माणूस वाटे आणि पक्ष्यांच्या अभ्यासात त्याचं कलावंत असणं मोजलं जात नसे. स्टिग्लिट्झनं उघडून दिलेलं दार त्यानं आपणहून मागे सोडलं होतं.

तो मात्र हटला नाही. १९४६ मध्ये चित्रकार बायको अ‍ॅलीन आणि मुलांसह तो न्यू मेक्सिकोत सांता फेजवळ राहायला गेला. १९६२ मध्ये सिएरा क्लबनं थोरोच्या मजकुरासोबत त्याच्या निसर्गचित्रांचं पुस्तक काढलं. महाग असूनही ते तुफान खपलं. पुढच्याच वर्षी धरणात बुडत चाललेल्या ग्लेन कॅनियनवरचं पुस्तक आलं आणि त्याचे फोटो निसर्ग वाचवणाऱ्यांच्या लढाईत उतरले.

पक्षी सुटले नाहीतच. त्यांचं मोठं पुस्तक यायला १९७२ साल उजाडलं. आणि १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं रंगीत फोटोंचं आपलं पहिलं एकल प्रदर्शन भरवलं, ते पोर्टरचं. तेव्हा तो ७७ वर्षांचा होता.

२ नोव्हेंबर १९९० ला तो गेला. त्याचा सगळा संग्रह आता टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या एमॉन कार्टर म्युझियममध्ये आहे. त्याचे पक्षी एकदा शोधून बघाच. आणि बघताना आधी सावली कुठल्या बाजूला पडलीय ते पाहा. दिवा कुठे होता, ते आपोआप कळेल.