अल-बिरुनी आणि बुद्धिबळाच्या पटावरचा वीस अंकी हिशेब

सांगली म्हटलं की हळद आठवते, तसंच बुद्धिबळही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी 1941 साली इथे नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केलं. स्वाती घाटे इथल्याच. पट मांडला की घरातलं कुणीतरी मुलांना ती गोष्ट सांगतंच: पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं चौसष्टाव्या घरापर्यंत. राजा हो म्हणतो आणि फसतो. दाणे एकूण किती आणि ते मोजायचे कसे, हे मात्र राहून जातं.

हा हिशेब फार सुंदर रीतीने करणारा माणूस म्हणजे अबू रैहान अल-बिरुनी. जन्म 973 चा, ख्वारिझममधल्या कास शहराबाहेरचा. उर्दूतल्या बैरून, म्हणजे बाहेर, या शब्दाशी त्यांच्या नावाचं नातं सांगतात. तरुणपणीच राज्य उलथलं आणि त्यांना घर सोडावं लागलं. तशा भटकंतीत, इसवी सन 1000 च्या सुमारास, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या वयात त्यांनी ‘अल-आसार अल-बाकिया’ लिहिलं. हा हिशेब त्यातच आहे.

चौसष्ट वेळा दुप्पट करत बसायची गरज नाही, हे त्यांनी ओळखलं. पाचव्या घरात 16 दाणे. 16 चा वर्ग 256, ते नववं घर. त्याचा वर्ग 65536, ते सतरावं. पुढचा वर्ग तेहतिसावं घर, आणि त्याचा वर्ग पासष्टावं, जे पटावर नाहीच! त्यातून एक वजा केला की आधीच्या सगळ्या घरांची बेरीज: 18446744073709551615.

आम्ही आपल्या भागातला हिशेब करून पाहिला. किलोत 25 हजार दाणे धरले तर पहिल्या वीस घरांत 50 किलोचं पोतंही भरत नाही. चाळीस घरांत 44 हजार टन होतात, म्हणजे दहा टनी 4400 ट्रक. साताऱ्याहून लावलेली रांग उंब्रज ओलांडून कराडच्या वाटेला लागेल. आणि अजून चोवीस घरं बाकी! पूर्ण पटाला आजचं जगाचं नऊशे वर्षांहून जास्त गव्हाचं पीक लागेल.

या संख्येला 3, 5, 17, 257, 641, 65537 आणि 6700417 या मूळ संख्यांनी भाग जातो. त्यातल्या 641 चा शोध ऑयलरने 1732 मध्ये लावला. 64 बिटच्या संगणकात मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्याही हीच.

1017 मध्ये महमूद गझनवीने ख्वारिझम जिंकलं आणि बिरुनींना गझनीला नेलं. लोक त्यांना महमूदचा दरबारी म्हणून मोकळे होतात, ते आम्हाला पटत नाही. याच महमूदच्या स्वाऱ्यांनी हिंदुस्थानची धूळधाण झाली, हेही त्यांनी लिहून ठेवलंय. ते संस्कृत शिकले, पंडितांपाशी बसले आणि 1030 च्या सुमारास हिंदुस्थानावरचा मोठा ग्रंथ पुरा केला. इथे संख्यांना अठरा स्थानांपर्यंत, परार्धापर्यंत, नावं आहेत याची नोंद त्यात आहे. पटावरची संख्या त्याही पुढची, 184 परार्धांहून जास्त.

1048 च्या सुमारास गझनीत ते वारले. याकूतने एक हकीकत दिली आहे. शेवटच्या आजारात एक फकीह भेटायला आले, तेव्हा बिरुनींनी त्यांना वारसाहक्काच्या वाटणीतला एक अडलेला हिशेब विचारला. अशा अवस्थेत कशाला, असं फकीह म्हणाले. बिरुनींनी तो समजून घेतलाच. फकीह बाहेर पडून वाटेला लागले, तोच मागून रडण्याचा आवाज आला.