डॉ. झाकीर हुसेन : विद्यापीठ कोणासाठी?

भारताचे तिसरे राष्ट्रपती म्हणून डॉ. झाकीर हुसेन यांचे नाव आपल्या मुलांना पाठ असते. परंतु त्या पदावर ते जेमतेम दोन वर्षे होते. अवघे आयुष्य त्यांनी शिक्षणाला दिले.

८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादेत त्यांचा जन्म झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. इटाव्याच्या इस्लामिया हायस्कुलातून ते अलीगढच्या कॉलेजात गेले. १९२० साली असहकाराची हाक आली, तेव्हा सरकारी अनुदानावर चालणारे ते कॉलेज सोडणाऱ्या तरुणांत झाकीरसाहेब पुढे होते. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला अलीगढमध्येच जामिया मिलिया इस्लामिया स्थापन झाली. पुढे १९२५ साली ती दिल्लीला आली.

झाकीरसाहेब त्या सुमारास बर्लिनला अर्थशास्त्राचा अभ्यास करीत होते. डॉक्टरेट मिळवून १९२६ साली ते परतले, तेव्हा जामिया बंद पडण्याच्या बेतात होती. आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब हे दोन विद्वान मित्रही त्यांच्याबरोबर जामियात आले. २९ वर्षांच्या झाकीरसाहेबांनी कुलगुरुपद स्वीकारले. पुढल्याच वर्षी संस्थेचे आधारस्तंभ हकीम अजमल खान यांचे निधन झाले आणि पैशाची चणचण पराकोटीला गेली. तेव्हा १९२८ साली झाकीरसाहेबांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिज्ञा केली, की २० वर्षे जामियाची सेवा करू आणि महिना १५० रुपयांहून अधिक वेतन घेणार नाही. प्रत्यक्षात हातात पडे ते त्याहून कितीतरी कमी. जामियाच्या पदवीला सरकारी मान्यता नव्हती. ती घेऊन सरकारी नोकरी मिळण्याची आशा नव्हती. तरीही मुले येत, आणि शिक्षक टिकून राहत.

या हलाखीतही जामियाने आपले काम वर्गाच्या चार भिंतींत कोंडून ठेवले नाही. बालवयापासूनच्या शिक्षणाकडे तिने लक्ष पुरविले, स्वस्त व चांगली उर्दू पुस्तके छापली, १९३८ साली शिक्षक घडविणारे विद्यालय काढले आणि प्रौढांच्या साक्षरतेचे कार्य हाती घेतले. १९३५ साली ओखल्याच्या माळावर नव्या इमारतीची कोनशिला बसली, ती कोणा बड्या पाहुण्याच्या हस्ते नव्हे, तर शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हस्ते.

आपल्या महाराष्ट्राशीही त्यांचा ऋणानुबंध आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेचा खर्च निघावा, या कल्पनेतील धोका झाकीरसाहेबांनी तेथे स्पष्टपणे दाखविला. तरीही अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. मातृभाषेतून, हाताच्या कामाच्या आधाराने सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, हा त्या नयी तालीमचा गाभा होता.

फाळणीनंतर अलीगढ विद्यापीठाचे भवितव्य अधांतरी असताना, १९४८ साली त्यांनी तेथील कुलगुरुपद पत्करले आणि १९५६ पर्यंत विद्यापीठ सावरले. डॉ. राधाकृष्णन यांच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाचेही ते सदस्य होते. पुढे बिहारचे राज्यपाल, उपराष्ट्रपती आणि १९६७ साली राष्ट्रपती झाले. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांची कबर जामियाच्या आवारातच आहे.

२०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे ठरविली. त्यांत चौथे उद्दिष्ट सर्वांना चांगले शिक्षण हे आहे. विद्यापीठाने अशा कार्यात कोणता वाटा उचलावा, याचा धडा झाकीरसाहेबांनी फार आधी घालून दिला होता. शिक्षक घडवावेत, निरक्षराच्या दारी जावे, लोकांच्या भाषेत ज्ञान पोहोचवावे.

पालकहो, मुलाला कॉलेजात घालताना पदवीने किती पगार मिळेल, हे आपण विचारतो. त्यात गैर काही नाही. संसार चालवायचा असतो. पण त्याच्या शिक्षणाचा मोहल्ल्यातील न शिकलेल्या मुलाला काय उपयोग होईल, हेही विचारावे. आणि विद्यार्थ्यांनो, उत्तर तुम्हीच द्यायचे आहे. आठवड्यातून दोन तास एका मुलाला शिकविलेत, तरी त्या थोर शिक्षकाचे थोडे ऋण फिटेल.