वेधशाळेचे व्रती नानाभाई मूस

१ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावर प्रचंड उद्रेक झाला आणि पुढे काही तासांतच मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकसूची वादळात सापडलेल्या नौकेप्रमाणे हेलकावू लागली. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला एका पारशी कुटुंबात नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांचा जन्म झाला. एडिंबरो येथे विज्ञानाचे शिक्षण घेऊन ते परतले. १८९६ साली ते कुलाबा वेधशाळेचे प्रमुख झाले. त्या पदावर येणारे ते पहिले भारतीय होत.

या वेधशाळेत १८४६ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची अखंड नोंद होत होती. पण मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांच्या विद्युत्प्रवाहाने नाजूक चुंबकसूची विचलित होणार आणि साठ वर्षांचे व्रत भंगणार, हे संकट उभे राहिले. शहराची प्रगती तर थांबवता येत नव्हती. तेव्हा खाडीपलीकडे अलिबाग येथे, लोखंडाचा स्पर्शही नसलेली नवी वेधशाळा उभारण्यात आली. जुन्या पायलीने मोजलेले भात नव्या मापात सांगावयाचे, तर दोन्ही मापे शेजारी ठेवून पाहावी लागतात. म्हणून मूस यांनी १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले. नोंदींची साखळी तुटली नाही. पुढे १८४६ ते १९०५ या काळातील नोंदींचा अभ्यास त्यांनी १९१० साली दोन खंडांत प्रसिद्ध केला. त्यात चुंबकीय वादळांचे त्यांनी बारकाईने विवेचन केले.

या परिश्रमाचे मोल पुढे अधिकच कळले. भूपृष्ठापासून सुमारे ६० किलोमीटरांच्या वर सूर्यकिरणांमुळे हवेतील कणांवर विद्युत्भार येतो. त्या भागास आयनांबर म्हणतात. कमी कंप्रतेच्या रेडिओलहरी त्याच्या तळाशी आदळून जमिनीकडे परततात. सूर्यावर उद्रेक झाला, की दिवसा हा तळ खाली सरकतो आणि त्या लहरींच्या जोरात फरक पडतो. आयनांबरातील विद्युत्प्रवाह वाढले, की त्याच वेळी चुंबकसूचीही हलते. अशा रीतीने रेडिओ नव्हता, त्या काळातील सूर्याचे क्षोभही चुंबकसूचीच्या जुन्या नोंदींतून आज वाचता येतात.

१९३६ साली मूस निवर्तले. अलिबागची वेधशाळा मात्र आजही वेध घेत आहे. ज्याचे फळ आपल्या हयातीत दिसेलच असे नाही, ते कामही चोख करावे, हा धडा त्यांच्या चरित्रातून मिळतो.