साताऱ्याहून परत फिरलेला विद्यार्थी

१८७५ साली कोकणातील मुरूड गावचा एक मुलगा सोबत्यांबरोबर पायी साताऱ्यास निघाला. तेथे मराठी सहावीची सरकारी परीक्षा होती. ती उतरल्यास मराठी शाळेत मास्तरकी मिळण्याची वाट मोकळी होई. मध्ये सह्याद्रीचा घाट. सुमारे ११० मैल चार दिवसांत चालून मंडळी पोहोचली. परीक्षेस वयाची १७ वर्षे पुरी असावी लागत. ती भरली होती. पण मुलगा चणीने लहान, दिसे १५ वर्षांचा! कमिटीने त्याला बसू दिले नाही. आल्या वाटेने परत जाताना त्या मुलाला काय वाटले असेल, याची कल्पना नापास झालेल्या मुलाच्या आईबापांस सहज येईल.

हेच धोंडो केशव कर्वे. पुढच्या वर्षी कोल्हापुरास जाऊन ते ती परीक्षा उतरले.

घरची गरिबी होती. तेवढ्यावर नोकरी धरली असती तर आम्ही तरी त्यांस नावे ठेवली नसती. पण त्यांनी इंग्रजी शिकावयास घेतले. मुंबईस येऊन मिशनच्या रॉबर्ट मनी शाळेतून १८८१ साली, २३ व्या वर्षी, मॅट्रिक झाले. प्रथम विल्सन, मग एल्फिन्स्टन कॉलेज. शिकवण्या करून खर्च भागवीत १८८४ साली गणित घेऊन ते बी. ए. झाले.

त्यानंतर मुंबईत मुलींच्या शाळांतून त्यांनी गणित शिकविले आणि १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले. त्याच साली पत्नी राधाबाई वारल्या. १८९३ साली त्यांनी विधवा गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या. त्या सदनाची ओळख आमच्या वाचकांस नव्याने करून देणे नको. मुरूडकरांनी मात्र कर्व्यांवर बहिष्कार घातला.

१८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. तो पुढे पुण्याबाहेर हिंगण्यास गेला, तेव्हा कर्वे रोज तेथून चालत कॉलेजात जात. चालण्याची सवय जुनीच होती! १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले; तेथे शिक्षण मातृभाषेतून दिले जाई. १९५८ साली भारतरत्न मिळाले आणि १९६२ साली, १०४ वर्षांचे होऊन, ते वारले.

आश्रमात आलेल्यांत गोदूबाईंची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले होत्या. पंचविशी उलटल्यावर त्या शिकू लागल्या आणि त्याच आश्रमात शिक्षिका झाल्या.