विश्लेषण : खाडीत शिरणाऱ्या शार्कची नोंद ठेवणारे फ्रान्सिस डे कोण होते?

घोडबंदर रोडवर गायमुखजवळ जी खाडी दिसते, ती पुढे वसईला समुद्राला मिळते. अशा खाडीत शार्क येऊ शकतो का, हा प्रश्न फेब्रुवारी २०२४ मध्ये अचानक चर्चेत आला. शेजारच्या पालघर जिल्ह्यात, मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत शार्कने एका तरुणाच्या पायाचा चावा घेतला होता. समुद्रापासून इतक्या आत शार्क आलाच कसा, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. मात्र काही शार्क भरतीची हद्द ओलांडून नदीत शिरतात आणि पाण्यात उतरलेल्यांवर हल्लाही करतात, हे सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच छापून आले होते. १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाचे नाव ‘द फिशेस ऑफ इंडिया’. लेखक फ्रान्सिस डे.

डॉक्टर माशांकडे कसे वळले?

डे यांचा जन्म १८२९ मध्ये इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात झाला. वैद्यकीय शिक्षण घेऊन १८५२ मध्ये ते मद्रास इलाख्यात सहायक शल्यचिकित्सक म्हणून रुजू झाले. कोचीनच्या मुक्कामात त्यांनी तिथल्या माशांचा अभ्यास सुरू केला आणि १८६५ मध्ये मलबारच्या माशांवर ग्रंथ लिहिला. पुढे सरकारने त्यांना मत्स्यव्यवसायाचे महानिरीक्षक नेमले.

मासे कमी होतील, असे त्यांना का वाटले?

हे काम फक्त नावे नोंदवण्याचे राहिले नाही. पाटबंधाऱ्यांमुळे अंडी घालायला नदीत वर जाणाऱ्या माशांची वाट अडत होती. बारीक विणीच्या जाळ्यांत पिल्लेच उपसली जात होती, तर काही ठिकाणी पाण्यात विष कालवून मासे मारले जात होते. किनाऱ्यावर वेगळीच अडचण होती. मिठावरचा कर इतका जबर, की मासळी खारवणे कोळ्यांना परवडेना. डे यांनी सरकारकडे कायदा मागितला आणि मासे खारवण्यासाठी स्वस्त मीठही. स्फोटके आणि विष वापरून मासेमारी करण्यावर बंदी घालणारा कायदा १८९७ मध्ये आला, तेव्हा डे जाऊन आठ वर्षे झाली होती.

शार्कचा प्रश्न मात्र निराळा. त्या काळी मोठा शार्क म्हणजे यकृताचे तेल आणि मुंबईहून चीनला जाणारे वाळवलेले पर. लहान शार्क मुशी किंवा मोरी म्हणून आजही आपल्या बाजारात दिसतात. त्यांना वाचवायचे कशाला, हा प्रश्नच तेव्हा कुणाला पडत नव्हता.

संग्रह सिडनीला का गेला?

ब्रिटिश म्युझियममधील मत्स्यतज्ज्ञ आल्बर्ट ग्युंथर यांच्याशी डे यांचे कधीच जमले नाही. १८८३ मध्ये त्यांनी आपल्या संग्रहाचा मोठा भाग सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमला विकून टाकला. दोन शास्त्रज्ञांच्या भांडणामुळे भारतातील माशांचे कितीतरी मूळ नमुने ऑस्ट्रेलियात जाऊन पडले! ब्रिटिश हिंदुस्थानातील माशांवरचे त्यांचे दोन खंड १८८९ मध्ये निघाले. त्यांत चौदाशेहून अधिक जाती आहेत. त्याच वर्षी जुलैत चेल्टनहॅम येथे त्यांचे निधन झाले.

मग वैतरणेतला शार्क कोणता?

नदीत शिरणाऱ्या या हल्लेखोराला डे यांनी गंगेचा शार्क म्हटले. पण त्याच्यासारखाच दिसणारा बुल शार्कही नदीत दूरवर जातो, हे नंतर स्पष्ट झाले. गंगेच्या शार्कच्या माथी मारलेले बरेचसे हल्ले बहुधा बुल शार्कचेच असावेत, असे आता मानले जाते. वैतरणेतला शार्कही बुल शार्कच असल्याचे तेव्हा सांगण्यात आले.

खरा गंगेचा शार्क आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. २००१ पासून त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. कित्येक वर्षे त्याचा ठावठिकाणा नव्हता. फेब्रुवारी २०१६ मध्ये या जातीची २६६ सेंटीमीटर लांबीची एक मादी अभ्यासकांना आढळली. अरबी समुद्रात जाळ्यात सापडलेली ही मादी मुंबईच्या ससून डॉकवर उतरवण्यात आली होती.