अलिबागच्या दुर्गाबाई

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहायच्या ठरल्या होत्या. मी मात्र उतारवयात आपल्या अलिबागेत राहिलेल्या दुर्गा खोटे यांच्याबद्दल लिहिते आहे. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या गेल्या तेव्हा आपण सहावीत होतो. 'बॉबी'तली आजी, एवढीच आपल्याला त्यांची ओळख.

मुलगी झाल्यावर मी सहा वर्षं घरी होते. पुन्हा नोकरी शोधताना धीर सुटला होता. तेव्हा आईने त्यांचं 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र हातात ठेवलं.

दुर्गाबाईंचा जन्म १९०५ सालचा, मुंबईच्या सधन लाड कुटुंबातला. सेंट झेविअर्स कॉलेजात शिकत्या वयातच खोट्यांच्या श्रीमंत घरी लग्न झालं. पुढे ती श्रीमंती ओसरली. पदरात बकुल आणि हरिन, दोन मुलं. संसारासाठी १९३१ मध्ये 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांनी लहानसं काम केलं आणि कुलीन घरातली बाई पडद्यावर आली म्हणून चहूकडून टीका झाली. तरीही पुढच्याच वर्षी प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त शांतारामबापूंनी त्यांना तारामती केलं. १९३६ च्या 'अमरज्योती'त त्या समुद्रावर लूटमार करणारी सौदामिनी झाल्या. आंगऱ्यांच्या आरमाराच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या आपल्याला ती नक्कीच आवडली असती!

त्या काळी नट एकाच कंपनीत पगारावर बांधलेले असत. दुर्गाबाईंनी मात्र निरनिराळ्या कंपन्यांत मोकळेपणाने कामं केली. तरुणपणीच वैधव्य आलं, पण मुलांना त्यांनी स्वतःच्या कमाईवर वाढवलं. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगभूमीवरही त्या उभ्या राहिल्या. शिरवाडकरांचं 'राजमुकुट' हे त्यातलं गाजलेलं नाटक. हरिन अकाली गेला. त्याची पत्नी म्हणजे पुढे दिग्दर्शिका म्हणून नावारूपाला आलेल्या विजया मेहता. ते दुःख पचवूनही दुर्गाबाईंचं काम थांबलं नाही. 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई १९६० ची, 'बिदाई' १९७४ चा. १९८३ साली दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला.

पुस्तक संपवलं त्याच आठवड्यात मी अर्ज पाठवायला पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या मुलाखतीत नोकरी मिळाली. आपल्या बॅचमधल्या ज्या मैत्रिणी आता उशीर झाला म्हणून थांबल्या आहेत, त्यांच्यासाठी हे पुस्तक मेळाव्याला सोबत आणते आहे.