हसवणारी कॅरोल



आपल्या स्मरणिकेत दर वर्षी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र येते. जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्यावर आपल्यातल्या जाणत्या भगिनींनी लिहून झाले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा एवढ्या मोठ्या विषयाला हात घालण्याचे धाडस मला होत नाही. मी जिच्याविषयी लिहिणार आहे ती ना संत होती, ना समाजसेविका. ती अमेरिकेतल्या हॉलिवुडची नटी होती आणि लोकांना हसवणे हे तिचे काम होते. तिचे नाव कॅरोल लोम्बार्ड.

तिची माझी ओळख झाली ती माझ्या मुरगळलेल्या पायामुळे. गेल्या पावसाळ्यात पंधरा दिवस मी अंथरुणावर होते. कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीने मोबाईलवर एक जुना इंग्रजी बोलपट लावून दिला. मला इंग्रजी येत नाही, म्हणून ती शेजारी बसून अर्थ सांगत होती. अर्ध्या तासाने सांगण्याची गरजच उरली नाही. मी इतकी हसले, की शेजारच्या काकू काय झाले ते बघायला आल्या!

तो बोलपट म्हणजे 1936 सालचा ‘माय मॅन गॉडफ्रे’. एका श्रीमंत घरची लाडावलेली मुलगी पैजेच्या खेळासाठी एका बेकार माणसाला कचऱ्याच्या उकिरड्यावरून उचलून आणते आणि पुढे त्यालाच घरी नोकर म्हणून ठेवते. मग ती त्याच्यावर प्रेम करू लागते. घरात सगळे वेडे आणि शहाणा काय तो एक नोकर! तो एकदा चिडून तिला कपड्यांसकट थंड पाण्याच्या फवाऱ्याखाली उभी करतो, तर ही रागवायची सोडून ओल्या अंगाने पलंगावर आनंदाने उड्या मारते. ज्याला आपली पर्वा नाही तो कशाला चिडेल, हे तिचे गणित! नायिका म्हटली की तिचा केससुद्धा विस्कटत नाही, असे मी आजवर पाहिले होते. ही मात्र भिजते, पडते, बडबडते, तरी तिच्यावरून नजर हलत नाही.

कॅरोलचे खरे नाव जेन अ‍ॅलिस पीटर्स. इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावी 6 ऑक्टोबर 1908 रोजी तिचा जन्म झाला. दोन भावांच्या पाठीवरची ही धाकटी. आईवडिलांचे जमले नाही, तेव्हा 1914 साली आई तिन्ही मुलांना घेऊन लॉस एंजेलिसला आली. भावांच्या संगतीत मुलगी धीट झाली. बारा वर्षांची असताना रस्त्यात बेसबॉल खेळणारी ही पोर अ‍ॅलन ड्वॉन नावाच्या दिग्दर्शकाच्या नजरेस पडली आणि 1921 साली तिला एका मूकपटात छोटे काम मिळाले. पुढे फॉक्स कंपनीने तिला करारावर घेतले.

त्यानंतर जे झाले ते ऐकताना मी मुलीला मोबाईल बाजूला ठेवायला सांगितले. कॅरोल अठराएक वर्षांची असेल. मोटारीतून जाताना अपघात झाला, पुढची काच फुटली आणि तिच्या चेहऱ्याची डावी बाजू चिरली गेली. तिने प्लॅस्टिक सर्जरी करून घेतली, तरी व्रण पुरता गेला नाही. फॉक्सचा करारही पुढे चालला नाही. जिचे पोट चेहऱ्यावर अवलंबून, तिने काय करावे?

तिने विनोद जवळ केला. मॅक सेनेट हे त्या वेळी छोट्या विनोदी चित्रपटांचे नावाजलेले निर्माते होते. त्यांच्याकडे धावपळ, आपटाआपटी, तोंडावर खाद्यपदार्थ फेकणे असा सगळा धुमाकूळ असे. कॅरोल 1927 पासून दीड-दोन वर्षे तिथे राबली. नेमक्या कोणत्या क्षणी पडायचे आणि पडल्यावर कसे बघायचे, हे ती तिथेच शिकली. व्रणासाठी तिने रंगभूषा आणि दिव्यांची माहिती करून घेतली. कोणत्या बाजूने उजेड आला म्हणजे गाल कसा दिसतो, हे तिला पक्के ठाऊक असे. व्रण झाकायचा तेवढा तिने झाकला, पण त्यापायी तोंड लपवून घरी बसली नाही.

1934 साली हॉवर्ड हॉक्स यांनी ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी’ या बोलपटात तिला जॉन बॅरिमोर या मोठ्या नटासमोर उभे केले. प्रथम ती अवघडली. सांगतात, की एखादा पुरुष खरोखरच असे बोलला तर काय करशील, असे हॉक्सनी तिला बाजूला घेऊन विचारले. लाथ घालीन, असे तिचे उत्तर. मग तसेच कर, असे त्यांनी सांगितले. आगगाडीच्या डब्यातल्या त्या भांडणात तिने खरेच लाथा झाडल्या आणि तिथून तिचे नाव झाले.

अशा चित्रपटांना तिकडे ‘स्क्रूबॉल’ म्हणतात. हा बेसबॉलमधला शब्द आहे. आपल्या क्रिकेटमधल्या गुगलीसारखा, भलतीकडेच वळणारा चेंडू! 1929 नंतर अमेरिकेत फार मोठी मंदी आली होती, लाखो लोक बेकार होते. त्या काळी पैसेवाल्यांची फजिती बघायला लोकांना बरे वाटे. त्यात 1934 पासून चित्रपटांवरचे नियम कडक झाले. पडद्यावर उघड शृंगार दाखवता येईना, तेव्हा प्रेम भांडणातून आणि शब्दाला शब्द देण्यातून दाखवू लागले. मला वाटते, या चित्रपटांची गोडी इथेच आहे. ज्याच्याशी मनसोक्त भांडता येते आणि ज्याच्यासमोर वेड्यासारखे हसता येते, तेच आपले माणूस, हे ते सांगतात. त्याच वर्षीचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ याच जातीचा. आपल्याकडचा 1956 सालचा राज कपूर-नर्गिसचा ‘चोरी चोरी’ आणि 1991 सालचा ‘दिल है के मानता नहीं’ हे त्यावरूनच निघाले, हे वाचून पुष्कळ भगिनींना नवल वाटेल.

कॅरोलचा स्वतःचा संसार मात्र सरळ नव्हता. विल्यम पॉवेल या नटाशी 1931 साली झालेले लग्न 1933 साली मोडले. पण कटुता राहिली नाही. ‘माय मॅन गॉडफ्रे’साठी तिचे नाव पॉवेल यांनीच धरून ठेवले आणि त्या कामासाठी ऑस्करच्या यादीत तिचे नाव लागले. 1939 साली तिने ‘इट हॅपन्ड वन नाइट’चा नायक क्लार्क गेबल याच्याशी लग्न केले. शहरापासून दूर मळ्यात घर, दारात कोंबड्या आणि घोडे, असा तो संसार होता. तो तीन वर्षेही टिकला नाही.

1941 च्या डिसेंबरात अमेरिका महायुद्धात उतरली. सरकारी कर्जरोखे विकण्यासाठी कॅरोल आपल्या जन्मराज्यात, इंडियानापोलिसला गेली. 15 जानेवारी 1942 या एका दिवसात तिने वीस लाख डॉलरांहून अधिक रोखे विकले. परतताना आई बरोबर होती. आईला विमानाची भीती वाटत होती, आगगाडीने जाऊ असा तिचा आग्रह होता. कॅरोलला घरची ओढ लागलेली. नाणे उडवून निर्णय झाला, असे सांगतात. 16 जानेवारीच्या संध्याकाळी लास वेगासहून निघालेले ते विमान डोंगरावर आदळले. मायलेकी आणि पंधरा लष्करी जवान यांच्यासह सगळेच्या सगळे बावीस जण गेले. कॅरोल तेहेतीस वर्षांची होती.

तिचा शेवटचा विनोदी चित्रपट ‘टू बी ऑर नॉट टू बी’ त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी लागला. त्यात विमानाविषयी तिच्या तोंडी एक गमतीचे वाक्य होते, ते काढून टाकावे लागले. गेबल त्याच वर्षी हवाई दलात भरती झाला. पुढे त्याने आणखी दोन लग्ने केली, परंतु 1960 साली तो वारला तेव्हा त्याला कॅरोलच्या शेजारीच पुरले.

आता माझे थोडेसे सांगते. मी एकोणीस वर्षांची असताना स्टोव्हचा भडका उडून माझा उजवा गाल भाजला. तेव्हापासून हसू आले की माझा पदर आपोआप तोंडावर जातो. मंडळाच्या नाटुकल्यात गेली अकरा वर्षे मी पडद्याआडून शब्द सांगते. सगळ्यांचे संवाद मला पाठ, पण उजेडात यायचे म्हटले की छातीत धडधड होते. अध्यक्षाबाईंनी दर वर्षी विचारले आणि दर वर्षी मी नाही म्हटले.

यंदाच्या नाटुकल्यात सासूबाईंच्या पाटावरून घसरून पिठात पडणारी एक वेंधळी मोलकरीण आहे. ते काम मी मागून घेतले आहे. तालमीत तीनदा पडले. तिसऱ्यांदा सगळ्याजणी हसल्या आणि मीही हसले. दोन्ही हात पिठात होते, त्यामुळे पदर तोंडावर घ्यायचे राहूनच गेले.

प्रयोगाला सर्व भगिनींनी व शेजाऱ्यांनी अवश्य यावे. मात्र शब्द सांगायला यंदा दुसरे कुणीतरी पाहावे, ही नम्र विनंती.